पाच चर्च, एक दफनभूमी: एकत्र उपासना जमते का? अनुभव हवेत

नगरी_मिरची

सलाम मंडळी,

नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहतो. नाव मुद्दाम लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. गाव लहान, पण चर्च पाच. सीएनआयचं जुनं दगडी देऊळ, कॅथलिकांचं, मुक्तिफौजेचं (साल्व्हेशन आर्मी), आणि गेल्या पंधरा वर्षांत उभ्या राहिलेल्या दोन फेलोशिप, म्हणजे नव्या स्वतंत्र मंडळ्या. त्यातली एक पत्र्याच्या शेडमध्ये, दुसरी मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर. दफनभूमी मात्र सगळ्यांची एकच.

यंदा पावसाळ्यानंतर तिथे वेडी बाभूळ इतकी माजली की एका अंत्यविधीला शवपेटी घेऊन आत जाता येईना. कोयते आणून वाट करावी लागली. त्या दिवशी लाज वाटली सगळ्यांना. मग २ नोव्हेंबरच्या, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाच्या, आधीच्या दोन रविवारी पाचही मंडळ्यांची पोरं जमली आणि सगळी बाभूळ काढली. कोणाच्या आजोबांची कबर कुठे आहे हे शोधताना निम्म्या गावाचं नातं निघालं.

त्या उत्साहात ठरलं की जानेवारीत एक एकत्र उपासना करायची, आणि महिन्यातून एकदा सरकारी दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना रात्रीचं जेवण द्यायचं. गेल्या रविवारी बैठक झाली. तीन तास. अडलो कुठे? उपासना कोणाच्या देवळात, संदेश कोण देणार, प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) घ्यायचं का, आणि थैलीत जमलेलं दान कोणाच्या वहीत. जेवणाचा विषय दोन मिनिटांत आटोपला, सगळ्यांना घरी जेवायला जायचं होतं.

कोणाकडे असं काही सुरळीत चालतं का? नुसतं "प्रेमाने सगळं जमतं" सांगू नका, ते बैठकीत चार वेळा ऐकलंय.

ढोलकीवाला

तुमचं पाचवं भांडण अजून सुरू व्हायचंय. चाल आणि पट्टी! आमच्याकडे एकत्र उपासनेत 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातलं एकच गीत तीन मंडळ्यांनी तीन चालींत धरलं. दुसऱ्या कडव्यापर्यंत गाडी रुळावर, तिसऱ्याला पेटीवाला एकीकडे आणि बायका दुसरीकडे. शेवटी ढोलकी जिंकली.

पाचहौदकर

@नगरी_मिरची, जानेवारी निवडलात ते बरं केलंत. १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेचा आठवडा जगभर पाळतात. सुरुवात १९०८ सालची, अमेरिकेतली. १९६८ पासून त्याचं साहित्य व्हॅटिकन आणि जागतिक चर्च परिषद मिळून काढतात. म्हणजे उपासनेचा क्रम, वाचनं, प्रार्थना सगळं तयार मिळतं, आणि "हे तुमच्या पंथाचं" असं कोणी म्हणू शकत नाही. २५ तारीख ही पौलाच्या परिवर्तनाची. त्या दिवशी समारोप करतात.

प्रभुभोजनाचं सांगतो, मी कॅथलिक आहे म्हणून. तो विषय टेबलावर आणूच नका. आमचे फादर मनाने कितीही मोठे असले तरी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे आमचं प्रभुभोजन, सरसकट सगळ्यांना देता येत नाही, आणि आम्हाला दुसरीकडे जाऊन घेता येत नाही. त्यांना सगळ्यांसमोर नाही म्हणायला लावलंत तर पुढच्या वर्षी ते येणार नाहीत. वाचन, संदेश, प्रार्थना, गाणी एवढंच ठेवा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली अशा एकत्र प्रार्थनेचं दार उघडलं, त्याआधी माझ्या आजीला प्रोटेस्टंट मैत्रिणीच्या लग्नाला जायचं तरी फादरना विचारावं लागायचं. ती न विचारता गेली ती गोष्ट वेगळी.

बिगुल

मुक्तिफौजेतर्फे हजेरी. आमच्यात प्रभुभोजनही नाही आणि बाप्तिस्माही नाही. त्यामुळे तुमच्या तीन तासांतला एक तास आमच्या कॅप्टनसाहेबांनी, म्हणजे पाळकांनी, नुसता चहा पिऊन काढला असणार.

नगरी_मिरची

@बिगुल, अगदी बरोबर. दोन चहा. त्यांनी एकच वाक्य बोललं: "आमचा मोठा टोप आहे, शंभर माणसांचा, तो घ्या." इतिवृत्तात आलं नाही ते.

चहाबिस्किट

मी हिंदू, वाचनमात्र सभासद. बाळबोध प्रश्न, राग नसावा. सीएनआय म्हणजे काय? आणि येशू एकच असताना पाच चर्च कशाला?

सोनकेळं

@चहाबिस्किट, विठोबा एकच असताना दिंड्या किती असतात? आणि पुढे कोणाची चालायची यावरून वाद होतात की नाही? बस तसंच. :-)

जुना_घंटानाद

@चहाबिस्किट, राग कसला. सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, उत्तर भारतीय चर्च. आणि गंमत म्हणजे ते स्वतःच एकीकरणातून जन्मलेलं आहे. २९ नोव्हेंबर १९७०, नागपूर. अँग्लिकन, काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन मिळून आधीच झालेलं संयुक्त चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, अशी सहा मिळून एक झाली. दक्षिणेत हे १९४७ मध्येच झालं होतं, स्वातंत्र्यानंतर सहा आठवड्यांत. उत्तरेत बोलणी १९२९ पासून सुरू होती. एक्केचाळीस वर्षं! तेव्हा @नगरी_मिरची, तीन तासांना तू घाबरू नकोस.

वडील नागपूरच्या त्या उपासनेला गेले होते. रात्रीच्या गाडीने, डब्यात भाकरी-ठेचा बांधून. परत आल्यावर ते भाषणांबद्दल काही बोलले नाहीत. म्हणाले, ज्या पाळकांनी एकमेकांचा बाप्तिस्मा आयुष्यभर मानला नाही ते एका रांगेत उभे होते. बॅप्टिस्ट लहान बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत, बाकीचे देतात. तोडगा काय निघाला माहीत आहे? दोन्ही पद्धती ठेवायच्या, ज्या आईबापांना जे पटेल ते. एकाला खोटं पाडून दुसरं निवडलं नाही. मला तो तोडगा अजून शहाणपणाचा वाटतो.

पण सगळं गोड नाही. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट, जे संख्येने मोठे होते, ते अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर पडले. आणि जे आत आले त्यांच्यातही जमिनी, शाळा, ट्रस्ट यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा खटला तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वरून एकी झाली की खाली सातबारा राहतोच.

आडनाव_नको

घंटानाद काकांनी सातबारा काढलाच आहे तर मीही बोलतो. पंथ हे वरचं साल आहे. आमच्या आजोबांच्या गावात मिशन एक, पंथ एक, पुस्तक एक, तरी गावकुसाबाहेरच्या दोन वस्त्यांची देवळं दोन. का, ते मराठी माणसाला सांगायला नको. सोयरीक जमवताना अजून पहिला प्रश्न बाप्तिस्म्याचा नसतो. तेव्हा ऐक्य सप्ताहात पाच पाळक हात धरून फोटो काढणार, फ्लेक्सवर सगळ्यांचे चेहरे सारख्या आकाराचे हवेत म्हणून भांडणार, आणि २६ जानेवारीला जिकडे तिकडे. पाहिलंय मी.

सोनकेळं

@आडनाव_नको, फ्लेक्सवर हसू आलं, बाकीच्यावर नाही आलं. आमच्या वसईतले ख्रिस्ती बहुतेक कॅथलिक, तरी सामवेदी, वाडवळ, कोळी यांच्यातल्या लग्नांना किती वर्षं भुवया वर जात होत्या ते माझ्या आईला विचारा. पण वसईत एक गोष्ट पाहिली. १९८८ मध्ये हरित वसईची चळवळ उभी राहिली तेव्हा विषय होता जमीन, पाणी, बिल्डर, गुंडगिरी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. मोर्च्यात कोणी कुठल्या समाजाचा, कुठल्या धर्माचा, हे कोणी विचारलं नाही. विहिरी सगळ्यांच्याच खाऱ्या होत होत्या.

घाटावरचा

सेवा, जेवण वगैरे ठीक. पण दवाखान्यात जेवण देताना पुस्तिका पण वाटणार का? गावोगावी काय चालतं ते लोकांना दिसतं. स्पष्ट विचारतोय.

नगरी_मिरची

@घाटावरचा, स्पष्ट विचारलंत, स्पष्ट सांगतो. नाही. खिचडी, लोणचं, पाण्याचा ग्लास. बैठकीत हा एकच मुद्दा दोन मिनिटांत ठरला. आणि वाढायला शेजारच्या तालमीतली पोरंही येणार आहेत, ती ख्रिस्ती नाहीत.

संपादक

या मुद्द्यावर आधीचे चार धागे आहेत, तिथे जावे. इथे विषयाला धरून लिहा. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

हालेलुया_रिक्षा

मी फेलोशिपवाला. मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरचाच समजा, गाव वेगळं असलं तरी. मोठ्या चर्चवाल्यांना एक विचारायचंय. एकत्र कार्यक्रम म्हटलं की आमच्याकडून काय मागतात? साउंड सिस्टीम, खुर्च्या आणि तरुण पोरं. प्रार्थनेची वेळ आली की पाळकसाहेब हळूच कानात सांगतात, "जरा आटोपतं घ्या, टाळ्या नकोत." आम्ही छापील पुस्तकातून प्रार्थना करत नाही, मनातून येते ती करतो. त्यात हात वर जातात, आवाज चढतो. ते तुम्हाला वेडेपणा वाटतो. आणि आमची अर्धी माणसं तुमच्याच चर्चमधून आलीत, मग तुम्ही "मेंढरं चोरली" म्हणता. ती का आली हे कधी विचारलंत? माझी बायको बाळंतपणात गेली तेव्हा आमच्या जुन्या चर्चमधून पाळक आले अकराव्या दिवशी. हे लोक त्या रात्री आले होते.

मला एकत्र यायचंय. पण पाहुणा म्हणून नाही.

जुना_घंटानाद

@हालेलुया_रिक्षा, तीस वर्षं पास्टरेट कमिटीवर होतो. "मेंढरं चोरली" हे वाक्य मीही वापरलेलं आहे. तुमचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

पाचहौदकर

एक सूचना. उपासनेत दहा मिनिटं मोकळ्या प्रार्थनेची ठेवा आणि ती फेलोशिपवाल्यांच्या हातात द्या, टाळ्यांसकट. आमच्याकडे पहिल्या वर्षी पहिल्या बाकावरच्या आज्या दचकल्या. दुसऱ्या वर्षी त्याच हात वर करत होत्या, अर्थात कोपरापर्यंतच.

चहाबिस्किट

अवांतर: तुमच्याकडे नाताळला करंज्या-चकल्या असतात असं ऐकलं, खरं का? मला वाटायचं फक्त केक.

ढोलकीवाला

करंज्या, शंकरपाळी, चकल्या, अनारसे. दिवाळीचा तेलाचा डबा संपतो तोवर आमचा उघडतो. केक बेकरीतून, फराळ घरून. आमच्या गल्लीत दिवाळीला ताट येतं ते रिकामं परत पाठवत नाहीत, नाताळला भरून जातं.

सोनकेळं

अवांतरात अवांतर: आमच्याकडे फुगे. गोल, तळलेले, आंबवलेल्या पिठाचे. बाकी कशावर तडजोड करीन, फुग्यांवर नाही.

डॉ_मिरजेकडची

मूळ प्रश्नाकडे येते. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना सुरू केला, प्रेस्बिटेरियन मिशनचा. मी पुढे वेल्लोरच्या सीएमसीत, म्हणजे ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात, शिकले. ती संस्था वेगवेगळ्या पंथांची चर्चेस मिळून चालवतात. आयडा स्कडर यांनी १९०० मध्ये एका खाटेपासून सुरू केलं, पण एवढा पसारा एकट्या मिशनला झेपणारा नव्हता, म्हणून बाकीचे आले. माझ्या वॉर्डात सीरियन ऑर्थोडॉक्स, बॅप्टिस्ट, कॅथलिक, हिंदू, मुसलमान सगळे. सकाळी वॉर्डात छोटी प्रार्थना व्हायची. ती कोणाच्या पद्धतीची होती हे मला पाच वर्षांत कळलं नाही, कारण सलाइन लावायची घाई असायची.

बिगुल

नगरच्या बूथ हॉस्पिटलचं नाव घेतोच. मुक्तिफौजेचं. २०२० मध्ये कोरोनाच्या पहिल्या लाटेत, जवळ जायला लोक घाबरत होते तेव्हा तिथे रुग्ण घेतले. गावातल्या बाकीच्या मंडळ्यांनी तेव्हा कुठला पंथ वगैरे पाहिलं नाही. आमच्या घरून डबे जायचे, शेजारच्या कॅथलिक काकू भाजी द्यायच्या.

तेरणाकाठ

किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. मी सतरा वर्षांचा. आमच्या गावात कासाचे लोक आले होते. कासा म्हणजे प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चेसची मिळून असलेली मदतसंस्था, स्वातंत्र्याच्या वेळी निर्वासितांसाठी निघालेली. मला हे सगळं खूप नंतर कळलं. तेव्हा कळलं ते इतकंच की एक मल्याळी माणूस, ज्याला मराठी येत नव्हतं, माझ्या आजीजवळ बसून तिचं ऐकत होता. ती तासभर बोलली. तो मान हलवत होता. आजी नंतर म्हणाली, त्याला सगळं समजलं.

मी ख्रिस्ती नाही. धाग्यावर पहिल्यांदा लिहितोय.

दुबईकर_संगमनेरी

आमच्याकडे दुबईत औद मेथ्याला होली ट्रिनिटी चर्चच्या आवारात कित्येक भाषांच्या, पंथांच्या मंडळ्या वेळा वाटून एकाच वास्तूत उपासना करतात. २०२२ च्या आधी सुट्टी शुक्रवारची, म्हणून 'रविवारची' उपासना शुक्रवारी. याला एकी म्हणता येईल का माहीत नाही. पण आधीची मंडळी वीस मिनिटं उशिरा संपली तर दारात उभं राहून दुसऱ्याची शेवटची प्रार्थना ऐकावी लागते. बऱ्याच तमिळ आमेन पाठ झाल्या आहेत.

केडगावची_मावशी

पोरांनो, हा सगळा धागा वाचला आणि हसले. तुम्ही पुरुष मंडळी जे शोधताय ते तुमच्या आया-बायका कधीपासून करतायत. मार्च महिन्याचा पहिला शुक्रवार! जागतिक प्रार्थना दिन. दर वर्षी एका देशातल्या बाया उपासना लिहितात, ती मराठीत होऊन येते. आमच्या गावात महिला मंडळं पाळीने भरवतात, एका वर्षी सीएनआयच्या देवळात, एका वर्षी मेथडिस्टांच्या, एका वर्षी कॅथलिकांच्या सभागृहात. मी लग्न होऊन आले १९७९ साली, तेव्हाही पाळी लावलेली होती.

संदेश कोण देणार म्हणून भांडण नाही, कारण जिच्याकडे उपासना असते ती संदेश देत नाही, पाहुणीने द्यायचा. दान कोणाच्या वहीत, तर त्या दिवसाची वेगळी वही आहे, दरवर्षी दुसऱ्या मंडळाची खजिनदार ती घरी नेते. आमच्याकडे ती वही एकदा पावसात भिजली, एकदा एका घरी दोन वर्षं विसरली गेली, पण हिशेबात कधी रुपया चुकला नाही. आणि प्रभुभोजन नसतं, चहा-चिवडा असतो.

एकदा भांडण झालं. खोटं कशाला बोलू. त्या वर्षी भरवणाऱ्यांनी चहा झाल्यावर भांडी तशीच टाकली आणि दुसऱ्या मंडळाच्या बायांनी घासली. पुढचं वर्षभर बोलणं नव्हतं. तेव्हापासून कागदावर पहिली ओळ भांड्यांची, मग गाण्यांची, मग संदेशाची.

तुझ्या त्या बैठकीत @नगरी_मिरची, बाया किती होत्या?

नगरी_मिरची

@मावशी, बावीस जणांत दोन. त्या चहा करत होत्या.

आडनाव_नको

+१ मावशींना. वरचं माझं सगळं म्हणणं कायम, पण वही पाळीने फिरते हे पटलं. विश्वास नसेल तर वही कोणी घरी नेऊ देत नाही.

पाचहौदकर

हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेचं राहिलंच. दर सप्टेंबरात हजारो लोक जमतात, आणि त्यात सीएनआयचे, फेलोशिपचे, हिंदू, सगळे असतात. आमच्या ओळखीचे एक प्रोटेस्टंट गृहस्थ दरवर्षी मेणबत्ती लावून येतात आणि दरवर्षी सांगतात, "पाळकांना बोलू नका." पाळकांच्या सौभाग्यवती पण तिथेच भेटल्या त्यांना एकदा.

ढोलकीवाला

=)) =)) धागा वसूल.

जुना_घंटानाद

कवी ना. वा. टिळकांची आठवण काढायला हवी, ढोलकीवाल्याने गाण्यांवरून विषय काढलाच होता. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, बावीस वर्षं मिशनचं काम, आणि १९१७ मध्ये मिशन सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा. दोनच वर्षांत ते गेले आणि दरबार पुढे टिकला नाही. पण आज पाचही मंडळ्यांच्या पुस्तकांत त्यांचे अभंग आहेत. आमच्या समित्यांना एक्केचाळीस वर्षांत जमलं त्याहून जास्त एकी त्या अभंगांनी केली असं मला वाटतं. मी स्वतः समितीवाला असून.

नगरी_मिरची

तीन आठवड्यांनी परत येतोय, उशिराबद्दल क्षमा.

मावशींचा प्रतिसाद मोठ्या अक्षरात छापून बैठकीत वाचला. या वेळी एकतीस जण, त्यात चौदा बाया. दोन तासांत उठलो. ठरलं ते असं: ऐक्य सप्ताहातल्या शुक्रवारी संध्याकाळी उपासना, मुक्तिफौजेच्या हॉलमध्ये, कारण कोणाच्याच डोक्यात तो नव्हता. ज्यांचा हॉल त्यांचा संदेश नाही. संदेश फादर देणार, बारा मिनिटं, घड्याळ कॅप्टनसाहेबांच्या हातात. मोकळी प्रार्थना दोन्ही फेलोशिपकडे. प्रभुभोजन नाही. दानाची वही वेगळी, पहिलं वर्ष शेडमधल्या फेलोशिपच्या ताईंच्या घरी. यावर एक जण उठून गेले. दोन दिवसांनी त्यांनीच तांदळाचं पोतं पाठवलं.

दवाखान्यातलं जेवण उपासनेची वाट न पाहता सुरू केलं. गेल्या शनिवारी पहिलं. शंभर धरले होते, एकशे साठ आले. खिचडी संपली, मग तालमीतल्या पोरांनी समोरच्या गाडीवरून पाव आणले. एक म्हातारे बाबा ताट घेऊन विचारत होते, "कोणाचं लग्न आहे?"

@हालेलुया_रिक्षा, आमच्या इथल्या तुमच्यासारख्याच एका भावाने शेवटी प्रार्थना केली. आटोपती घ्या असं कोणी म्हटलं नाही. खिचडी करपत होती तरी.

हालेलुया_रिक्षा

वाचलं. आभार. शुक्रवारी येतो, किती लांब आहे ते मेसेजमध्ये सांगा. साउंड आणू का?

ढोलकीवाला

साउंड आण, पट्टी मी ठरवतो. काळी दोन. वाद नको.

केडगावची_मावशी

सगळं छान. शनिवारची भांडी कोणी घासली?

नगरी_मिरची

मी, फादर आणि मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरचे पास्टर. टोप शंभर माणसांचा आहे मावशी, आत उतरावं लागतं.